ऑलिंपियाला मुक्काम करावा की नुसतं जाऊन यावं? (सोबत पीटीचे निवृत्त शिक्षक)

निशिगंधा_७६

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं ग्रीसला निघालोय: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझे बाबा. अथेन्स आणि सँटोरिनी पक्कं आहे. मधले दोन दिवस मोकळे आहेत आणि घरात त्यावरूनच जुंपली आहे.

बाबा ७२ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात आयुष्यभर पीटी शिकवली. जानेवारीतल्या क्रीडास्पर्धा आल्या की पहाटे उठून चुन्याची फक्की मारून स्वतः ट्रॅक आखायचे, शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत. ग्रीस म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ऑलिंपियाला धावपट्टी अजून आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्याकडून तिकिटं काढली ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तिथं नुसते दगड पडलेत. त्यापेक्षा सँटोरिनीत एक रात्र वाढवा, फोटो तरी चांगले येतील." नवऱ्याला हे लगेच पटलं!

बाबा सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण चढ आणि पायऱ्या आल्या की गुडघे बोलायला लागतात. गाडी नवरा चालवणार, आंतरराष्ट्रीय परवाना काढतोय. तर, अथेन्सहून पहाटे निघून रात्री परत येण्याजोगं आहे का, की मुक्कामच करावा? तिथं नेमकं काय बघायचं? आणि लेक कंटाळेल का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

भटक्या_बापू

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी गेलोय आणि माझी निराशा झाली. ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याचं देऊळ म्हणून जे दाखवतात तिथं एक खांब उभा आणि बाकीचे आडवे. तोही खांब २००४ साली पुन्हा रचून उभा केलेला. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक मूर्ती इथं होती म्हणतात, तिचा आता मागमूस नाही. अथेन्सहून तीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकायची आणि शेवटी पाटी वाचून कल्पना करत बसायचं.

स्टेडियमच बघायचं तर डेल्फीचं बघा. डोंगरात आहे, बसायला दगडी पायऱ्या शाबूत आहेत, खाली ऑलिव्हच्या बागा. अथेन्सपासून अंतरही कमी. मात्र चढ आहे, तोही खासा. बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही बघा.

लाल_माती

ताई, आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. धावपट्टी आहे. मातीची आहे, मोकळी आहे, आणि तिच्यावर पळू देतात. डेल्फीला वरपर्यंत चढून गेलात तरी स्टेडियम कुंपणाबाहेरून बघावं लागतं. बापू, पायऱ्या तुमच्या डेल्फीच्या भारी, मान्य. पण पीटीच्या मास्तरांना पायऱ्या दाखवून काय करायचं?

मी मूळचा कागल तालुक्यातला. पोरवयात तालमीत होतो, पुढं मशिनच्या धंद्यात शिरलो. कंपनीच्या कामासाठी पात्रासला राहत होतो, तिथनं ऑलिंपिया गाडीनं दोन तासांच्या आत. एका रविवारी गेलो आणि मग जमेल तसा जात राहिलो. बरोबरचे लोक समुद्रावर जायचे, मला वेड्यात काढायचे.

लोकांचं चुकतं कुठं, तर ते देवळं बघायला जातात. आत शिरलं की गाइड सगळ्यांना झ्यूसच्या आणि त्याची बायको हेरा हिच्या देवळापाशी उभं करतो, तास तिथंच जातो, ऊन चढतं, आणि स्टेडियमपर्यंत पोचेस्तोवर माणूस दमलेला असतो. तुम्ही उलटं करा. सकाळी दार उघडताच आत जा आणि कुठंही न थांबता सरळ स्टेडियम गाठा. वाट सपाट आहे, पायाखाली बारीक खडी आणि माती, डोक्यावर झाडं. बाबांना काही त्रास नाही.

स्टेडियममध्ये शिरायला दगडी बोळ आहे. पूर्वी वर पूर्ण कमान होती, आता थोडीच शिल्लक आहे. खेळाडू आणि पंच इथनंच आत यायचे. बोळातून बाहेर पडलं की समोर लांबच लांब मातीचं मैदान, दोन्ही बाजूंना गवताचे उतार. बस्स. बाकी काही नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार माणूस त्या उतारांवर बसायचं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पण त्यांच्यासाठी एकही बाक नव्हता. दगडी बैठक फक्त पंचांना. तुमच्या उजव्या हाताच्या उतारावर तिचे अवशेष आहेत, आणि तिच्या समोर डाव्या उतारावर डिमीटर देवीची वेदी. प्रेक्षक जमिनीवर, पंच ओट्यावर. मला ही मांडणी फार आवडते.

आता खरी गोष्ट. बोळातून आत आलात की लगेच, पट्टीच्या या टोकाला जमिनीत आडवी दगडी फरशी बसवलेली दिसेल. तशीच एक पार पलीकडच्या टोकाला. दोन्हींमधलं अंतर १९२.२७ मीटर. वळण नाही, सगळं सरळ. हेराक्लीसनं स्वतःच्या पावलानं सहाशे पावलं मोजली अशी दंतकथा. परंपरेनं इसवी सनापूर्वी ७७६ हे पहिल्या स्पर्धेचं साल धरतात. त्या साली शर्यत ही एवढी एकच होती, आणि जिंकला तो शेजारच्या एलिसचा कोरोइबोस नावाचा स्वयंपाकी.

त्या फरशीवर बाबांना खाली बघायला सांगा. दगडात दोन चरे कोरलेत, एकमेकांना समांतर, मध्ये वीतभरसुद्धा जागा नाही. ते पायाच्या बोटांसाठी. एका पायाची बोटं पुढच्या चरात, दुसऱ्याची मागच्यात. मधूनमधून चौकोनी खाचा आहेत, त्यात खांब रोवून प्रत्येकाची जागा वेगळी करायचे. आजच्यासारखं गुडघा टेकून, हात जमिनीला लावून सुटायची पद्धतच नव्हती. उभ्यानंच, अंग थोडं पुढं झुकवून, हात समोर धरून. मी बूट-मोजे काढून बोटं लावून बघितली. चराची कड आता झिजून गोलसर झालीय, पण बोटं अजून धरते. पाय इतके जवळ असतात की पहिलं पाऊल टाकताना तोल जाईल की काय वाटतं. कुस्तीगीर नेहमी पाय फाकवून उभा राहणारा, मला तर ते फारच अवघड गेलं. बाबा मात्र दोन मिनिटांत सांगतील की असं का.

आणि हो, इशाऱ्याआधी पळणाऱ्याला चाबकाचे फटके मिळायचे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. बाबांच्या काळात छडी होती, त्यांना फार परकं वाटायचं नाही.

स्टेडियम झालं की परत फिरा, पण बोळातून बाहेर पडल्यावर थांबा. उजव्या हाताला, टेकडीच्या पायथ्याशी ओळीनं दगडी चौथरे आहेत. शंभरातले नव्वद लोक त्यांच्याकडे न बघता पुढं जातात. बापू, तुम्हीही गेला असाल तर नवल नाही, पाटी अगदी छोटी आहे. हे झानेस. झ्यूसचे ब्राँझचे पुतळे यांच्यावर उभे होते, आणि ते पुतळे बनवले होते स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांच्या दंडाच्या पैशातून. मुद्दाम स्टेडियमच्या वाटेवर ठेवले, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्यांच्यासमोरूनच जावं लागावं. पुतळे गेले, चौथरे राहिले. काहींच्या माथ्यावर पुतळ्याचे पाय बसवायच्या खाचा अजून दिसतात.

सुरुवात झाली इसपू ३८८ ला. थेसलीच्या युपोलोस नावाच्या मुष्टियोद्ध्यानं तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्यातला एक तर आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. पकडले गेले, चौघांनाही दंड, त्यातून सहा पुतळे. पहिल्यावर मजकूर कोरला की इथला विजय पैशानं मिळत नाही, पायांच्या वेगानं आणि अंगच्या बळानं मिळतो. इसपू ३३२ ला अथेन्सच्या कालिपोसनं पंचक्रीडेत हेच केलं, तर अथेन्सनं दंड भरायलाच नकार दिला, वर बाजू मांडायला वकील पाठवला. शेवटी डेल्फीच्या देवानं सांगितलं, दंड भरेपर्यंत अथेन्सला कौल देणार नाही. तेव्हा कुठं पैसे आले. एकदा तर कुस्तीत पोरांनी काही केलं नव्हतं, एका पोराच्या बापानं दुसऱ्याच्या बापाला पैसे दिले. दंड बापांना! आपल्याकडे हा नियम लावला तर चौथऱ्यांना जागा पुरणार नाही.

माझा आवडता म्हणजे अलेक्झांड्रियाचा सारापिओन. पँक्रेशन खेळायचा, म्हणजे कुस्ती आणि बुक्केबाजी एकत्र, चावणं आणि डोळ्यात बोट घालणं सोडून बाकी जवळपास सगळं चालतं. समोरच्यांना बघून यानं स्पर्धेच्या आदल्या दिवशी धूम ठोकली. भित्रेपणाबद्दल दंड झालेला हा एकटाच, असं पाऊसानियास लिहितो. हा पाऊसानियास इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडला आणि प्रत्येक चौथऱ्याची कुंडली लिहून गेला. तो नसता तर आपल्याला खरंच नुसते दगड दिसले असते.

याला जोडून एक. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेक मुद्दाम या जुन्या स्टेडियमवर घेतली होती. तारीख १८ ऑगस्ट. लोक जुन्यासारखेच गवतावर बसले. बायकांच्या स्पर्धेत पहिली आलेली रशियाची खेळाडू उत्तेजकात सापडली, पदक गेलं, ते क्यूबाच्या युमिलेदी कुंबाला मिळालं. पुरुषांमध्ये जिंकला युक्रेनचा. त्याचे नमुने २०१२ मध्ये पुन्हा तपासले, तोही दोषी निघाला. सुवर्ण अमेरिकेच्या अ‍ॅडम नेल्सनकडे गेलं आणि त्याला ते २०१३ मध्ये अटलांटा विमानतळाच्या खाण्याच्या दुकानांपाशी हातात दिलं. म्हणजे आपल्या काळात त्या मातीवर एकदाच ऑलिंपिकची खरी स्पर्धा झाली आणि दोन्ही सुवर्णपदकं लबाडीत गेली. झानेसच्या समोर. मी तिथं उभा राहून हे बरोबरच्या जर्मन इंजिनिअरला सांगितलं तर तो पाच मिनिटं हसत होता.

वेळ उरला तर मग पालेस्त्रा बघा, कुस्तीगिरांची जागा. मधे चौकोनी अंगण, भोवती खांबांच्या रांगा, त्यातले बरेच उभे आहेत. अंगाला तेल, त्यावर बारीक वाळू, कुस्ती झाली की ब्राँझच्या वाकड्या पट्टीनं सगळं खरवडून काढायचं. आमच्या हौद्यात तेल, ताक, हळद, लिंबू आधी मातीत जातं आणि मग अंगाला लागतं, एवढाच फरक. तिथं तीनदा पाडावं लागायचं, वेळेची मर्यादा नाही, वजनी गटही नाहीत, फक्त पोरं वेगळी आणि मोठे वेगळे. क्रोटोनचा मिलो अशा स्पर्धेत सहा वेळा जिंकला, त्यातली एक पोरांच्या गटातली. आणि दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट पहिल्याला, बाकीचे घरी. आपल्या खाशाबांनी हेलसिंकीत १९५२ ला मिळवलेलं कांस्य इथं मिळालंच नसतं.

देवळांचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल, मी लिहीत नाही.

मुक्काम कराच. जाऊन-येऊन करायला गेलात तर दुपारच्या उन्हात पोचाल, आणि काताकोलो बंदराला मोठी जहाजं लागलेली असली की तेव्हाच बसच्या बस येऊन ओततात. गाव छोटं आहे, हॉटेलं भरपूर, तिथनं चालत दहा-पंधरा मिनिटांत दारात.

अथेन्सवासी

लाल_माती, झानेसबद्दल लिहिलंत ते फार छान. मी इथं बरीच वर्षं आहे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच दाखवते.

निशिगंधा, एक भर घालते. तुम्ही गाडीनं जाणार आहात तर वाटेत नेमेआला थांबा. अथेन्सहून कोरिंथचा कालवा ओलांडला की पुढे थोडं आत वळावं लागतं. प्राचीन ग्रीसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक इथं व्हायची. ऑलिंपियाच्या मानानं गर्दी नगण्य, कित्येकदा तुम्ही आणि तिकीटवाला एवढेच.

नेमेआचं वैशिष्ट्य म्हणजे बोगदा. इसपू चौथ्या शतकाच्या अखेरचा, वरची कमान जशीच्या तशी. खेळाडू कपडे उतरवायच्या खोलीतून या बोगद्यानं मैदानात यायचे आणि आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत आत थांबायचे. थांबलेली तरुण मुलं काय करणार? भिंतीवर नावं कोरली! ती अजून वाचता येतात. एकानं लिहिलंय, "अक्रोटाटोस देखणा आहे." आणि त्याला जोडून दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय, "लिहिणाऱ्याच्या मते." आमच्या कॉलेजच्या बाकांची आठवण झाली मला. तुमच्या लेकीला हे दाखवा, कंटाळायची नाही.

तिथलं उत्खनन कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठानं स्टीफन मिलर यांच्या नेतृत्वाखाली केलं. शर्यत सुटायचं यंत्र कसं होतं त्याची प्रतिकृती त्यांनी करून बघितली: धावणाऱ्यांसमोर दोऱ्या ताणलेल्या, एका झटक्यात त्या खाली पडतात आणि सगळे एकदम सुटतात. म्हणजे आधी पळायचा प्रश्नच नको. १९९६ पासून साधारण दर चार वर्षांनी तिथं हौशी लोकांच्या शर्यती होतात. वय, देश काही बघत नाहीत. पांढरा अंगरखा घालायचा, अनवाणी पळायचं. म्हातारी माणसंही असतात, खूप असतात. तुमच्या तारखांना ते नाही जमणार, पण बाबांना सांगून ठेवा.

तिकिटांचे दर अलीकडे बदललेत, म्हणून आकडा लिहीत नाही. सरकारी संकेतस्थळावरच काढा, मधल्या दलालांकडून नको.

भटक्या_बापू

मी झानेस बघितले नव्हते. आमच्या गाइडनं तो शब्दसुद्धा उच्चारला नाही. त्यानं आम्हाला हेराच्या देवळासमोर उभं करून ज्योत कशी पेटवतात ते अर्धा तास सांगितलं. तेही मला जुनं वाटलं होतं.

तरी माझं म्हणणं राहतंच. इतकं वाचून गेलं तरच मजा येते. न वाचता जाणाऱ्याला ते तिकिटं काढून देणारे गृहस्थ सांगत होते तेच खरं.

निशिगंधा_७६

काय लिहू! सगळं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चऱ्यांचं ऐकल्यावर ते उठून हॉलमध्ये उभे राहिले, पाय जुळवले, हात पुढे केले आणि म्हणाले, "हां, म्हणजे पहिली दोन पावलं आखूड पडणार. वजन आधी पुढं न्यावं लागणार." मुक्काम नक्की झाला. नेमेआही.

लेकीनं मात्र वेगळाच प्रश्न काढलाय. तिथं मुली पळायच्या का? मी म्हटलं नसाव्यात, तर रुसून बसली. आणि नवरा विचारतोय, ऊन किती असतं, खायला काय, आणि ती ज्योत जुनी नाही म्हणजे काय?

लाल_माती

बापू, न वाचता गेलं तर आमचं कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदानसुद्धा नुसता मातीचा खड्डाच दिसेल की!

ताई, बाबांनी बरोबर धरलं. नेमकं तेच होतं.

लेकीला सांगा, पळायच्या. पुरुषांच्या ऑलिंपिकमध्ये नाही, पण हेराच्या नावानं मुलींच्या वेगळ्या शर्यती याच मैदानावर व्हायच्या. वयाप्रमाणे तीन गट. पट्टी त्यांच्यासाठी एक षष्ठांश कमी करायचे, म्हणजे साधारण १६० मीटर. केस मोकळे, उजवा खांदा उघडा, गुडघ्याच्या वरपर्यंत अंगरखा. जिंकणारीला ऑलिव्हचा मुकुट आणि हेराला बळी दिलेल्या गाईच्या मांसातला वाटा. तिला म्हणावं तिथनं १६० मीटर मोजून पळ.

पुरुषांच्या स्पर्धा बघायला लग्न झालेल्या बायकांना बंदी होती. अपवाद एकच, डिमीटरची पुजारीण. वर ज्या वेदीचं लिहिलं, तिच्यावर बसून ती बघायची. एक कालिपातेइरा नावाची आई, नवरा वारलेला, पोरगा मुष्टियुद्धात उतरलेला. ती गुरूचा वेश करून आत शिरली. पोरगा जिंकल्यावर आनंदानं कठडा ओलांडताना वेश उघडा पडला. शिक्षा खरं तर कड्यावरून ढकलायची होती, पण तिचा बाप, भाऊ आणि आता पोरगाही विजेते, म्हणून सोडून दिली. त्यानंतर नियम केला की गुरूंनीही खेळाडूंसारखं उघड्या अंगानंच आत यायचं. बाबांना हे सांगताना बेतानं.

आणि स्पार्टाच्या राजाची बहीण किनिस्का हिनं इसपू ३९६ आणि ३९२ ला रथाची शर्यत जिंकली. ती स्वतः मैदानात नव्हती. रथाच्या शर्यतीत मुकुट घोड्यांच्या मालकाला मिळायचा, हाकणाऱ्याला नाही. तिच्या पुतळ्याचा लेख कोरलेला दगड सापडलाय. ग्रीसमधल्या बायकांमध्ये हा मुकुट मिळवणारी मी एकटी, असं त्यात स्वतःच म्हणते. रथाचं मैदान मात्र शोधू नका, ते अल्फेओस नदीच्या गाळाखाली गेलं.

ज्योतीचं असं: आरशानं सूर्यकिरण एकवटून पेटवायची आणि हातोहात यजमान शहरापर्यंत न्यायची, ही प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासूनची. जुन्या काळी वेदीवर अग्नी असायचा, पण मशाल घेऊन देशोदेशी पळणं नव्हतं. बापूंच्या गाइडनं अर्धा तास घेतला त्याचं मला वाईट वाटतं.

ऊन सप्टेंबरअखेरही दुपारी बऱ्यापैकी असतं. स्टेडियममध्ये झाड नाही, सगळं उघडं. टोपी आणि पाण्याच्या बाटल्या लागतातच. जुन्या लोकांचेही हेच हाल होते. उकाडा, तहान आणि वर माशा. एलिसचे लोक तिथं माशा हाकलणाऱ्या झ्यूसला बळी द्यायचे, यावरून काय ते समजा. पाण्याची धड सोय झाली ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हेरोडेस अ‍ॅटिकस नावाच्या धनाढ्यानं कारंजं बांधून दिलं तेव्हा. म्हणजे पहिल्या स्पर्धेनंतर नऊशे वर्षांनी! आपल्याकडच्या नगरपालिका तशा लवकरच करतात म्हणायचं.

दुपारी जेवून संग्रहालय. तिथं बायबॉनचा दगड विचारा. १४३ किलोचा, मधे पकडीसाठी खोलगा, आणि त्यावर कोरलंय की बायबॉननं मला एका हातानं डोक्यावरून फेकलं. आम्ही तालमीत नाल, म्हणजे जड दगडी कडं, उचलायचो, त्यामुळं मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. एका हातानं? पकड बघितली, दोन हातांना जागा आहे. माझं मत, बायबॉन थापा मारतोय. पण अडीच हजार वर्षं थाप टिकवायची म्हणजे तेही सोपं नाही.

खायचं म्हणाल तर गावातल्या मुख्य रस्त्यावर टॅव्हर्ना आहेत. शाकाहारी असाल तर भरलेले टोमॅटो-मिरच्या, फावा (डाळीचं घट्ट वाटण), ग्रीक सॅलड, ताजा पाव. तिखट नाही, चटणीची पुडी न्या. गाडीचा रस्ता बराचसा महामार्ग आहे, टोल मधूनमधून लागतो, सुटे युरो ठेवा. पिरगोसपासून पुढं वीसेक किलोमीटर, पाट्या व्यवस्थित आहेत.

निशिगंधा_७६

लेकीचा रुसवा गेला. आता ती अनवाणी पळणार म्हणतेय, केस मोकळे सोडून. शेवटचं एकच विचारते. बाबांनी कपाटातून त्यांची जुनी शिट्टी काढलीय. तिथं वाजवलेली चालेल का?

लाल_माती

शिट्टी नको! पहारेकऱ्यांकडे शिट्ट्या असतात, कुणी दगडावर चढलं की वाजवतात. बाबांनी वाजवली तर देवळावर बसलेले सगळे पर्यटक खाली उतरतील आणि पहारेकरी तुमच्याकडे येतील. तोंडानंच "ऑन युअर मार्क" म्हणू द्या, मास्तरांचा आवाज पलीकडच्या टोकापर्यंत जाईल.